ठिणगी पडते का?

(पोलादपूर तालुक्यातील एका वाडीच्या शाळेत प्रौढ वर्गापुढे दिलेले भाषण)



आज आपण गाडीविषयी चार गोष्टी बोलणार आहोत. गाडी म्हणजे बैलगाडी नव्हे, मोटारगाडी. तुम्ही म्हणाल, "आमच्यापैकी गाडी आहे किती जणांकडे?" खरे आहे. पण गाडी एकाची असली तरी गरज साऱ्या वाडीची असते. रात्री कोणाला साप चावला, कोणाच्या छातीत कळ आली, की आपण सगळे त्याच एका दारात जाऊन उभे राहतो. ती गाडी वेळेला चालू झाली पाहिजे. म्हणून हा विषय एकट्या मालकाचा नाही. तो आपल्या सर्वांचा आहे.

आधी आमची फजिती सांगतो. मग शहाणपण सांगतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या संस्थेजवळ एक जुनी पेट्रोल व्हॅन होती. पाट्या-पुस्तके घेऊन आम्ही वाडीवाडीवर जात असू. श्रावणाचे दिवस होते. दिवसभर पावसाने उसंत दिली नव्हती. रात्री आम्ही घाटाच्या पायथ्याशी एका वाडीत मुक्कामाला होतो. दहाच्या सुमारास एक म्हातारी भिजत आली.

"गुरुजी, सुनेला कळा लागल्यात. गाडी काढा."

आम्ही धावलो. चावी फिरवली. इंजिन घर्र घर्र फिरले, पण चालू झाले नाही. पुन्हा चावी, पुन्हा घर्र घर्र. असे दहा-बारा वेळा केले. शेवटी बॅटरी उतरली आणि ते घर्र घर्रही थांबले. मग १०८ नंबरला फोन लावला. रुग्णवाहिका आली, पण ती लांब होती. यायला दीड तास लागला. देवाची कृपा, बाळ-बाळंतीण सुखरूप राहिली. पण त्या दीड तासात म्हातारीने आमच्याकडे एकदा पाहिले. ती बोलली काहीच नाही. ती नजर आम्ही अजून विसरलो नाही.

दुसऱ्या दिवशी गाडी ओढून एका गॅरेजात नेली. नवी बॅटरी घातली. चार नवे प्लग घातले. नवी कॉइल घातली. सात हजारांवर रुपये गेले. गाडी चालू झाली. आम्ही खूश! पण आठ दिवसांनी पावसाची रात्र आली आणि गाडी पुन्हा बंद.

मग महाडच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकाकांना बोलावले. त्यांनी पाना हातात घेतला नाही की पकड घेतली नाही. कॅप आणि वायरी कोरड्या फडक्याने पुसून त्यांनी गाडी कशीबशी चालू केली. ती थडथडतच चालत होती. मग ते म्हणाले, "बोनेट उघडा. सगळे दिवे मालवा. आता नुसते बघा." अंधारात पाहिले, तर एका वायरीच्या अंगावर बारीक निळा उजेड नाचत होता! उंदराने वायर कुरतडली होती. जी वीज प्लगपर्यंत जायची, ती वाटेतच गळत होती. कोरड्या हवेत कसेबसे चाले. दमट हवेत सारे बंद.

काका म्हणाले, "गुरुजी, तुम्ही सामान बदललंत. गाडी तपासली नाय."

हे एकच वाक्य आज तुम्हाला द्यायचे आहे. आधी तपासा, मग बदला.

ठिणगी कशासाठी?

चूल पेटायला काय लागते? लाकूड लागते, वारा लागतो आणि काडी लागते. तिन्हींपैकी एक नसेल तर चूल पेटत नाही. पेट्रोल गाडीचे तसेच आहे. पेट्रोल हे तिचे लाकूड. हवा हा तिचा वारा. आणि काडी म्हणजे ठिणगी. इंजिनाच्या पोटात पेट्रोलची वाफ आणि हवा दाबली जाते. ऐन वेळी तेथे ठिणगी पडते. भडका उडतो आणि त्या जोरावर चाक फिरते.

इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर त्या मिनिटात एकेका सिलिंडरात १५०० वेळा पेट घेतला पाहिजे. म्हणजे सेकंदाला २५ वेळा! तेवढ्या वेळा ठिणगी पडावी लागते आणि तीही वेळेवर.

एक गोष्ट येथेच सांगून ठेवतो. डिझेल गाडीला ठिणगी लागत नाही. तेथे हवा इतकी दाबतात की ती तापून डिझेल आपोआप पेटते. ट्रॅक्टर किंवा जुनी मिनीडोअर घेऊन ठिणगी शोधत बसाल तर रात्र सरेल! आज आपण बोलतो ते पेट्रोल आणि सी.एन.जी. गाड्यांविषयी.

विजेचा पाट

आपण झऱ्याचे पाणी पाटाने मळ्यात आणतो. शेवटच्या वाफ्यात पाणी आले नाही तर काय करतो? नवा झरा खणतो का? नाही. पाटाच्या काठाने चालत जातो. कोठे फुटला, कोठे तुंबला, ते बघतो. ठिणगीचाही असाच एक पाट आहे. बॅटरी हा झरा. तेथून वीज फ्यूज आणि चावीवाटे कॉइलकडे जाते. कॉइलमधून जाड वायरीने प्लगकडे जाते. प्लगच्या टोकाला बारीक फट असते. त्या फटीत वीज उडी मारते. तीच ठिणगी.

बॅटरी असते १२ व्होल्टची. एवढ्या विजेला फट ओलांडता येत नाही. म्हणून कॉइल लागते. कॉइलमध्ये लोखंडाभोवती तांब्याच्या तारेची दोन वेटोळी असतात. एक जाड तारेचे, थोड्या वेढ्यांचे. दुसरे केसासारख्या तारेचे, हजारो वेढ्यांचे. जाड तारेतील वीज एकदम तोडली की बारीक तारेत २०,००० व्होल्ट आणि त्याहूनही जास्त जोर उठतो. आपल्या घरातली वीज २३० व्होल्टची असते, हे ध्यानात घ्या.

एका वेटोळ्यातील वीज चालू-बंद केली की दुसऱ्यात वीज उठते, हे १८३१ साली मायकेल फॅरेडे यांनी दाखवून दिले. हे फॅरेडे कोण होते? इंग्लंडातील एका लोहाराचा मुलगा. शाळा थोडीच झाली होती. चौदाव्या वर्षी ते पुस्तके बांधणाऱ्याच्या दुकानात उमेदवार म्हणून लागले. बांधायला आलेली पुस्तके ते वाचू लागले. वाचता वाचता विजेची गोडी लागली. मंडळी, वाचायला शिकलेला माणूस कोठवर जाईल, हे आधी कोणी सांगावे?

जुन्या गाड्यांत कॉइलची वीज चार प्लगना वाटून देणारे एक यंत्र असते. त्याचे नाव डिस्ट्रिब्युटर. आपले मिस्त्री त्याला डेल्को म्हणतात. हे नाव अमेरिकेतील एका कंपनीचे आहे. चार्ल्स केटरिंग आणि एडवर्ड डीड्स यांनी ती १९०९ साली काढली. कंपनीचे नाव त्या वस्तूलाच चिकटले. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीत असा डेल्को असे. त्या टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेल्या. नव्या गाड्यांत डेल्को नसतो. पुष्कळ गाड्यांत तर प्रत्येक प्लगच्या डोक्यावरच एक लहान कॉइल बसवलेली असते.

हात लावण्यापूर्वी

एका ताईंनी मघाशीच विचारले, "गुरुजी, शॉक नाय का बसायचा?" ताई, बसेल. जोराचा बसेल. म्हणून आधी नियम ऐका.

गाडी सपाट जागी, उघड्यावर उभी करा. न्यूट्रलमध्ये ठेवा. हँडब्रेक ओढा. इंजिन थंड होऊ द्या. पेट्रोलचा किंवा गॅसचा वास येत असेल तर तपासणी करूच नका. आधी वास कशाचा ते शोधा. जवळ विडी नको, चूल नको, पेट्रोलची बाटली नको. पदर, ओढणी, उपरणे नीट खोचून घ्या. पंख्यात अडकले तर जीव जाईल. ज्याच्या छातीत पेसमेकर बसवला आहे, त्याने लांब राहावे. मुलांना लांब ठेवा. इंजिन चालू असताना किंवा फिरत असताना प्लगच्या वायरीला हात लावू नका. काही मिस्त्री प्लग हातात धरून ठिणगी दाखवतात. तो त्यांचा सराव. आपण तसे करायचे नाही.

आता पाटाच्या काठाने चला

पहिली पायरी. चावी फिरवा आणि ऐका. इंजिन फिरतच नाही, नुसते टक टक वाजते, तर ठिणगीचा प्रश्न अजून आलाच नाही. झराच आटला आहे. हेडलाइट लावून चावी फिरवा. दिवा एकदम मंदावला तर बॅटरी उतरलेली आहे किंवा तिची टोके गंजली आहेत. टोकांवर पांढरी-हिरवी बुरशी दिसते ना? काळी म्हणजे निगेटिव्ह वायर आधी काढा. मग लाल काढा. खाण्याचा सोडा कोमट पाण्यात घालून टोके पुसा. पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नका. वाळवा. जोडताना लाल आधी, काळी शेवटी. घरी मीटर असेल तर तोही लावा. गाडी काही तास बंद असताना चांगली भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. १२.२ च्या खाली गेली तर ती निम्म्याहून अधिक उतरली आहे.

दुसरी पायरी. इंजिन जोरात फिरते, पण पेटत नाही. मग नुसते डोळ्यांनी पाहा. चावी बंद करा. वायरी ओल्या आहेत का? कोठे उंदराचे दात लागले आहेत का? डेल्कोच्या झाकणात बाष्प जमले आहे का? झाकणाला केसासारखी चीर गेली आहे का? आपल्या भागात पाऊस जून ते सप्टेंबर कोसळतो. भिंतींनाही पाणी सुटते, तेथे गाडीचे काय? कोरड्या फडक्याने सारे पुसून घ्या. कित्येकदा एवढ्यानेच गाडी चालू होते. फ्यूजही पाहा. फ्यूजच्या झाकणावर कोणता कशाचा ते लिहिलेले असते. आता तुम्हाला वाचता येते. वाचा.

तिसरी पायरी. गाडी चालू होते, पण थडथडते. मिस्त्री म्हणतात, "मिसिंग मारते." अशा वेळी आमच्या काकांनी केले तसे करा. अंधारात बोनेट उघडून पाहा. निळा उजेड वायरीवरून किंवा झाकणावरून नाचताना दिसला, तर तेथे वीज गळते. पाहायचे फक्त. हात लावायचा नाही.

चौथी पायरी. ठिणगी तपासण्याचा लहान टेस्टर बाजारात मिळतो. त्यात दिवा असतो. तो प्लग आणि वायर यांच्यामध्ये जोडायचा. प्लग जागेवरच राहतो. त्यामुळे पेट्रोलची वाफ बाहेर येत नाही. चावी बंद असताना वायरीचे रबरी टोक धरून, थोडे पिळून काढा. वायर धरून ओढू नका. ती आतून तुटते. टेस्टर जोडा. एकाने गाडीत बसून दोन-तीन सेकंद चावी फिरवावी. दुसऱ्याने दोन पावले लांब उभे राहून दिवा पाहावा. दिवा लुकलुकला तर त्या प्लगपर्यंत वीज येते. चावी बंद करून मग पुढच्या प्लगला टेस्टर लावा.

एका वेळी एकच वायर काढा. वायरींची जागा चुकली तर ठिणगी भलत्या वेळी पडेल. वायरींवर चिकटपट्टी लावून १, २, ३, ४ असे आकडे घाला.

पाचवी पायरी. आता विचार करा. दिवा कोठेच लागला नाही, तर दोष वर आहे. फ्यूज, चावी, कॉइल, कॉइलची मुख्य वायर, नाहीतर इंजिनाचे फिरणे ओळखणारा सेन्सर. तीन ठिकाणी लागला, एका ठिकाणी नाही, तर कॉइल आणि बॅटरी यांना दोष देऊ नका. दोष त्या एका वायरीत किंवा झाकणाच्या त्या घरात आहे. आमच्या गाडीत हेच होते. आणि आम्ही नवी कॉइल घेऊन बसलो!

चारही ठिकाणी दिवा लागला, तर प्लगपर्यंत वीज येते. मग प्लग काढून पाहा.

सहावी पायरी. प्लगच्या भोवतीची माती आधी फुंकून काढा. नाहीतर ती इंजिनात पडेल. एक-एक प्लग काढा. त्याचे तोंड पाहा. वैद्य जीभ पाहतो ना, तसे. फिकट तपकिरी किंवा राखाडी असेल तर तब्येत ठीक. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त, हवा कमी. एअर फिल्टर पाहा. तेलकट काळा असेल तर इंजिनातले ऑइल वर येते आहे. पेट्रोलने ओला असेल तर पेट्रोल आले, पण पेटले नाही. पांढराफटक, फोड आल्यासारखा असेल तर इंजिन फार तापते आहे. फट किती हवी ते गाडीच्या पुस्तकात लिहिलेले असते. पुष्कळ गाड्यांत ती १ मिलिमीटरच्या आत-बाहेर असते. फट गेजने मोजा. अंदाजाने ठोकू नका.

प्लगवर एक शंका आली तर अदलाबदल करा. पहिला प्लग दुसऱ्याच्या जागी, दुसरा पहिल्याच्या जागी. मिसिंग प्लगबरोबर दुसरीकडे गेले, तर प्लग खराब. मिसिंग जागेवरच राहिले, तर प्लग निर्दोष. एक पैसा खर्च न होता निवाडा झाला! प्लग बसवताना आधी हातानेच फिरवा. शेवटी पान्याने बेताने आवळा. जोर केला तर आटे जातात, आणि ते काम महागात पडते.

कोठे थांबायचे?

शहाण्याने कोठे थांबायचे हेही जाणावे. गाडी नवी असेल, प्लगच्या डोक्यावर कॉइल असेल, तर चौथी पायरी मिस्त्रीवर सोडा. तेथे वेगळी साधने लागतात. चुकीने इंजिनाचा संगणकही जळतो. समोर इंजिनाचा पिवळा दिवा लागला असेल तर मिस्त्री मशीन जोडून दोषाचा नंबर वाचतो. तो नंबर मागून घ्या आणि वहीत उतरवा. पण नंबर म्हणजे निकाल नव्हे. तो फक्त बोट दाखवतो. त्यानंतरही तपासणी हवीच. पिवळा दिवा लुकलुकत असेल आणि गाडी मिसिंग मारत असेल, तर ती दामटू नका. न जळलेले पेट्रोल सायलेन्सरमध्ये जाऊन पेटते. तेथील महागडा भाग खराब होतो.

आणि पुराची गाडी! जुलै २०२१ मध्ये सावित्री आणि गांधारीचे पाणी महाड शहरात शिरले. किती गाड्या बुडाल्या ते आपण पाहिले. पाण्यात बुडालेली गाडी चावी लावून कधीही पाहू नका. इंजिनात पाणी असेल तर हवेसारखे ते दाबले जात नाही. आतला दांडा वाकतो. अशा गाडीची ठिणगी तपासायची नाही. फोटो काढा, विमा असेल तर कळवा, आणि गाडी ओढून न्या.

वही ठेवा

शेवटची गोष्ट. गाडीत एक वही ठेवा. बंद पडली तो दिवस, पाऊस होता की ऊन, इंजिन फिरत होते की नाही, काय तपासले, काय बदलले, किती पैसे गेले, ते लिहा. आमच्याजवळ अशी वही असती तर आम्हाला पहिल्याच आठवड्यात दिसले असते, की गाडी फक्त पावसात बंद पडते. तेवढ्या एका ओळीने आमचे सात हजार वाचले असते. गॅरेजात गेलात तर ती वही दाखवा. चांगल्या मिस्त्रीला ती आवडेल. बिल वाचून घ्या. बदललेला जुना भाग परत मागा. त्यात भांडण नाही. तो आपला हक्क आहे.

उंदराने कुरतडलेली ती वायर आम्ही बदलली. तिला प्लग-कॉइलच्या मानाने फारच थोडे पैसे पडले. पुढच्या पावसाळ्यात त्याच वाडीवर गेलो. म्हातारी नातवाला कडेवर घेऊन रस्त्यावर आली. गाडीकडे पाहून म्हणाली, "आता चालते का ओ गुरुजी?"

आम्ही म्हटले, "चालते, आजी. आता रोज सकाळी बघतो."

म्हणून सांगतो, मंडळी. गाडीवर रागावू नका. घाईने सामान बदलू नका. पाटाच्या काठाने चाला. एका वेळी एक गोष्ट तपासा. जे दिसले ते लिहा. जेथे कळत नाही तेथे थांबा. आणि हे सारे पावसाळ्याच्या आधी, उजेडी, कोरड्या दिवशी करा. रात्री कोणी दार वाजवील तेव्हा तपासायला वेळ नसतो.

एवढे बोलून आम्ही आपली रजा घेतो.